जुना वायसर आधी हातावर

"वहिनी, गाडी बरोबर चालंना."

आमच्या दुकानात येणाऱ्या निम्म्या ड्रायव्हरांचं पहिलं वाक्य हेच असायचं. मला त्याचा इतका राग यायचा, की ते कानावर पडलं तरी मी मुद्दाम मान वर करायचे नाही. बरोबर चालत नाही म्हणजे काय? पोरगं रडतंय एवढंच सांगितलं तर डॉक्टर काय औषध देणार? पोट दुखतंय का कान, उपाशी रडतंय का दूध प्यायल्यावर, ते सांगावं ना माणसानं. मग मीच विचारायला लागायचे. थंड असताना त्रास देते का तापल्यावर? रिकामी असताना का भरल्यावर? धूर काळा का पांढरा? एकजण मला म्हणाला होता, "धूर मागं असतो वहिनी, मी पुढं बघून चालवतो." उत्तर इतकं आवडलं की त्याला मी चहा पाजला, आणि मग चांगला झापला.

वाचणाऱ्यांना प्रश्न पडला असेल, की ही बाई गाड्यांच्या धुराच्या चौकशा का करते. तर आमचं छावणीच्या रस्त्याला लागून एका गल्लीत गाड्यांचे डिझेल पंप आणि नोझल दुरुस्त करायचं दुकान होतं. सासऱ्यांनी सुरू केलेलं. पोलीस ॲक्शननंतर छावणीत लष्कराच्या गाड्या आल्या, गाड्यांमागे त्या दुरुस्त करणारी माणसं आली, आणि त्या माणसांत राहून सासरे हे काम शिकले. त्यांच्या हाताखाली आमचे हे शिकले. मी मात्र कुणाच्याच हाताखाली शिकले नाही. मी डबा घेऊन आले होते.

झालं असं, की हे एका नोझलमध्ये सुई बसवत होते आणि सुई बसत नव्हती. सुई म्हणजे नोझलच्या आतली बारीक दांडी. ती आपल्या नळीत इतकी घट्ट असते की मधे केसही मावणार नाही, आणि तरी ती स्वतःच्या वजनानं अलगद खाली घसरली पाहिजे. ह्यांची बोटं केळ्यासारखी. डिझेल पंपावर त्यांचा हात असा चालायचा की बघत राहावं, पण सुई म्हटली की तोंडातून शिव्या. मी शिंप्याची मुलगी. डबा ठेवला, हात धुतले, सुई दोन बोटांत धरली आणि सोडली. ती आपसूक आत गेली. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "उद्यापास्नं डबा दोघांचा आण."

त्या दिवसापासून पंप त्यांचे आणि नोझल माझी. साडीवर ह्यांचा जुना शर्ट घालून मी नोझल तपासायच्या टेस्टरसमोर बसायचे. नवा ड्रायव्हर यायचा, माझ्या डोक्यावरून आत बघायचा आणि विचारायचा, "मिस्त्री कुठं गेले?" हे मान वर न करता हनुवटीनं माझ्याकडे दाखवायचे. त्या क्षणी ड्रायव्हरचं जे तोंड व्हायचं, ते बघायला मला अजूनही आवडेल.

नोझल काय करतं ते सांगते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती भट्टीसारखी तापते, आणि ऐन वेळी तिच्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. तो फवारा मारणारं ते नोझल. फवारा धुक्यासारखा पाहिजे. धुकं पडलं तर डिझेल पुरतं जळतं, गाडी जोर धरते. धुक्याऐवजी धार पडली किंवा थेंब गळले, तर अर्धं डिझेल न जळताच जातं. मागून काळा धूर निघतो, चढावर गाडी रडते आणि मालक ॲव्हरेज पडत नाही म्हणून ओरडतो. टेस्टरवर नोझल लावून हातानं दांडा दाबला की चांगलं नोझल चर्र असं बोलतं. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखते. वाईट नोझल पाणचट पिचकारी मारतं. म्हणून मी सगळ्यांना ऐटीत सांगायचे, की माणसं खोटं बोलतील, नोझल खोटं बोलत नाही. पुढे ज्या गाडीची गोष्ट सांगणार आहे, त्या गाडीनं माझी ही ऐट उतरवली.

त्याआधी वायसरचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच येतं. नोझल इंजिनाच्या डोक्यातल्या भोकात बसतं आणि त्याच्या बुडाशी तांब्याचा चपटा वायसर, म्हणजे मधे भोक असलेली चकती, असतो, आतला दाब बाहेर फुटू नये म्हणून. नोझल वर ओढलं की कधी वायसर त्याला चिकटून येतो, कधी भोकाच्या तळाशीच राहतो. काजळीत काळा होऊन बसलेला वायसर वरून दिसत नाही. म्हणून आमच्या धंद्यात, मग ते दुकान असो नाहीतर रस्त्याच्या कडेला लिंबाखाली उघडलेलं इंजिन, एक रीत आहे. नोझल काढणाऱ्यानं आधी जुना वायसर उस्तादाच्या तळहातावर ठेवायचा. तो हातावर पडल्याशिवाय उस्ताद नवा देत नाही. क्लीनर म्हणून लागलेलं पोरगं शिव्या आणि टपल्या खात पहिली गोष्ट शिकतं ती हीच.

आता ती गाडी.

पाचोडचा अंकुश मोसंबीची वाहतूक करायचा. स्वतःची बाग होती, गाडीही स्वतःची, अंगावर कायम कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. पण त्याची सुरुवात क्लीनर म्हणून झाली होती हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तोही लपवत नसे. पैठणचे युसूफभाई त्याचे उस्ताद. त्यांनीच त्याला गाडी शिकवली. पुढे अंकुशनं स्वतःची गाडी घेतली तेव्हा पहिल्यांदा चावी दिली ती त्यांच्याच हातात. म्हणजे शागीर्द मालक झाला आणि उस्ताद त्याच्या गाडीवर ड्रायव्हर. दुसरीकडे असं झालं असतं तर खटके उडाले असते, पण अंकुश त्यांना उस्ताद म्हणायचा आणि चहाचा कप आधी त्यांच्यासमोर ठेवायचा. मला त्या दोघांचं कौतुक होतं.

एके दिवशी अंकुश एकटाच आला. हातात डबा, डब्यात सहा नोझल.

"ह्ये तपासून द्या वहिनी. मीच काढून आणलेत. गाडी डिझेल लई खायलीय."

मी एकेक टेस्टरवर लावलं. सहाच्या सहा नोझल चर्र बोलली. फवारा असा की त्यातून पलीकडची भिंत धुरकट दिसावी.

"ठणठणीत आहेत," मी म्हणाले.

"नक्की?"

"टेस्टर काय माझ्या माहेरचा आहे का, माझ्या बाजूनं बोलायला?"

"बस्स. मला एवढंच पाहिजे व्हतं," असं म्हणून तो निघून गेला. त्याचा आवाज मला खटकला होता, पण गिऱ्हाईक उभं होतं, मी कामाला लागले.

काही दिवसांनी युसूफभाई आले. गाडी घेऊन नाही, पैठणच्या एसटीनं. ड्रायव्हर माणूस हातात पिशवी घेऊन पायी दुकानात आला की तो कुणी वेगळाच वाटतो. मी स्टूल दिलं. ते बसले नाहीत.

"वहिनी, एकच पूछना है. ती नोझल खरंच ठीक होती?"

"हो. का?"

"मग ठीक आहे," असं म्हणून ते निघालेच होते. ह्यांनी पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि बळेच बसवलं. मग हळूहळू सगळं कळलं.

गाडीचं ॲव्हरेज पडत नव्हतं. भरून गेली की दर खेपेला डिझेल जास्त लागायचं. अंकुशनं आधी पंप बघितला, मग टाकी, मग पाइप. कुठं गळती नाही. शेवटी नोझल माझ्याकडे आणली. ती ठणठणीत निघाली, म्हणजे त्याच्या हिशेबानं एकच गोष्ट उरली. ड्रायव्हर वाटेत डिझेल काढून विकतो. पाचोडच्या आठवडी बाजारात, चार माणसांत, त्यानं युसूफभाईंना सांगितलं की कुराणावर हात ठेवा आणि म्हणा मी डिझेल विकलं नाही. युसूफभाई नाही म्हणाले. चावी त्याच्या हातात दिली आणि घरी आले.

"अहो, मग म्हणायचं होतं ना," मी म्हणाले. "तुम्ही विकलं नव्हतं तर भीती कसली?"

"भीती नाय वहिनी. ज्याला मी स्टेअरिंग धरायला शिकवलं, त्याच्यासमोर डिझेलसाठी कुराण उचलू? कुराण एवढं सस्तं हाय का?" मग म्हणाले, "ड्रायव्हर म्हनला तो मला. उस्ताद नाय. सगळ्यांसमोर. ए ड्रायव्हर."

ते रडले नाहीत. रडले असते तर बरं झालं असतं. आता बाजारात सगळे म्हणत होते, खरा असता तर शपथ घेतली असती. दुसरा कुठला मालक त्यांना गाडी देईना. अख्खी उमर रस्त्यावर काढलेला माणूस घरात बसून दाराकडे बघत होता. आणि चोरीचा पुरावा म्हणून गावभर काय सांगितलं जात होतं? छावणीच्या वहिनींनी सांगितलंय, नोझल ठणठणीत.

माझं डोकं असं तापलं की काय सांगू. माझ्या टेस्टरचा चर्र आवाज घेऊन कुणी तरी एका म्हाताऱ्या माणसाला चोर ठरवत होतं. मी युसूफभाईंना तेच प्रश्न विचारले जे सगळ्यांना विचारते. थंड का गरम, रिकामी का भरलेली. आणि हा ड्रायव्हर पुढे बघून चालवणाऱ्यांतला नव्हता. ते म्हणाले, "सुबह गाडी मक्खन. रिकामी बी मक्खन. भरून निघालो, इंजन पुरं तापलं की मग मागं काळं. आरशात दिसतं मला. मी अंकुशला बोललो व्हतो. तो बोलला, माल जास्त भरलाय म्हणून असंल."

मी अंकुशला निरोप धाडला, गाडी घेऊन ये. तो स्वतःच चालवत आला, रिकामी गाडी घेऊन. चेहरा असा की मी काही बोलायच्या आतच तो सुरू झाला.

"वहिनी, तुमी त्यांची बाजू घेऊ नका. माझं बी काळीज तुटतंय. पण गाडीत दोष नाय. इंजन एक नंबर हाय. इतकी चाललीय, पर ऑइल तसूभर कमी होत नाय. दुसऱ्यांच्या गाड्या ऑइल पितेत, माझीत एक थेंब टाकावा लागंना."

ही फुशारकी मी आयुष्यभर ऐकत आले आहे. आमच्याकडे ट्रकमालक पोरांच्या मार्कांपेक्षा जास्त अभिमानानं सांगतो, की माझं इंजिन ऑइल खात नाही. पण त्या दिवशी ते ऐकून माझा हात थांबला. एवढी राबलेली गाडी थोडंफार ऑइल खाणारच. इंजिनाचं खाणं चालू आहे आणि ऑइल कमी होत नाही, म्हणजे आत दुसरं काहीतरी भर घालतंय.

मी ऑइल मोजायची पट्टी ओढली. ऑइल खुणेच्या वर होतं. बोटांत घेऊन चोळलं तर पाण्यासारखं पातळ. वास घेतला आणि बोट अंकुशच्या नाकापुढे धरलं.

"कशाचा वास आहे?"

त्यानं वास घेतला. मान बाजूला केली.

"बोल ना. कशाचा?"

"डिझेलचा."

"हे बघ तुझं चोरीला गेलेलं डिझेल. तुझ्याच इंजिनाच्या पोटात आहे. तू रोज पट्टी काढून त्याचाच अभिमान सांगत होतास."

हे हातातला पाना टाकून जोरात हसले. अंकुश हसला नाही. तोही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. म्हणाला, "मान्य. पण ऑइलात गेलं ते तांब्याभर. बाकीचं?"

"बाकीचं धूर होऊन गेलं. एखादं नोझल धार सोडतंय. न जळलेलं थोडं डिझेल पिस्टनच्या कडेनं खाली ऑइलात उतरतं, उरलेलं काळं होऊन मागून जातं."

"नोझल तर तुमीच ठणठणीत म्हनलात."

 मग मी तिथल्या तिथं एक सोपी परीक्षा करून बघितली. इंजिन चालू ठेवायचं आणि नोझलकडे जाणाऱ्या पाइपचा नट थोडा सैल करायचा. डिझेल बाहेर बुडबुडायला लागतं आणि तो सिलेंडर बंद पडतो. सिलेंडर काम करत असेल तर इंजिनाचा आवाज खाली बसतो. आवाज बदललाच नाही, तर समजायचं की तो आधीपासूनच कामचुकार आहे, आपण मजुरी बंद केली तरी त्याला फरक नाही. मी एकामागून एक सगळे नट सैल केले. प्रत्येक वेळी आवाज खाली बसला. सगळे कामकरी.

पण गाडी रिकामी आली होती, इंजिन पुरतं तापलेलं नव्हतं आणि बोलता बोलता निवलंही होतं. युसूफभाईंचं वाक्य माझ्या कानात होतं.

"अंकुश, गाडी मालानं भरून आण. पाचोडहून निघालास की वाटेत कुठं थांबायचं नाही आणि इथं आल्यावर इंजिन बंद करायचं नाही. आणि गाडी युसूफभाई चालवतील."

"त्यांना कशाला?"

"ते चालवतात तेव्हाच डिझेल जातं असं तूच म्हणतोस ना? मग जाऊ दे. तू शेजारी बस आणि डोळ्यांनी बघ."

तो गाडी घेऊन गेला. युसूफभाई यायला तयार होईनात. हे स्वतः पैठणला जाऊन त्यांना घेऊन आले. काय बोलले ते मला कधी सांगितलं नाही.

ज्या दिवशी ती गाडी येणार होती, त्या सकाळी मला टेस्टर पुसण्याशिवाय दुसरं काम सुचत नव्हतं. खरं सांगते, मी घाबरले होते. तापल्यावरही सगळे सिलेंडर कामकरीच निघाले असते, तर मी युसूफभाईंना दुसऱ्यांदा चोर ठरवलं असतं, आणि तेही त्यांच्या तोंडावर. मग मोसंबीचा वास आला आणि मागोमाग गाडी. दुकानासमोर उभी राहिली तेव्हा मागचा धूर पार छावणीकडे चालला होता. केबिनमध्ये दोघं होते, अंकुश आपल्या बाजूच्या दाराला चिकटून बसलेला. 

केबिनमधलं इंजिनाचं झाकण उघडून मी आत वाकले. तव्यासमोर बसल्यासारखी धग. पहिला नट सैल केला. आवाज बसला. आवळला. दुसरा, आवाज बसला. तिसरा, बसला. चौथा सैल केला. डिझेल बुडबुडलं आणि इंजिन जसं चाललं होतं तसंच चालत राहिलं.

मी परत आवळला, परत सैल केला. फरक नाही.

"ऐकलं?" मी अंकुशला विचारलं.

त्यानं पाना माझ्या हातातून घेतला आणि स्वतः नट सैल केला. तोही ड्रायव्हर होता, इंजिनाचा आवाज त्यालाही कळत होता. त्याचा चेहरा उतरला.

मला आनंदानं नाचावंसं वाटत होतं. इंजिन बंद केलं, फडक्यानं धरून चौथं नोझल काढलं, तसंच गरम गरम टेस्टरवर लावलं आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. दांडा दाबला.

चर्र. धुकं. अगदी सुरेख, कौतुक करावं असं धुकं.

 अंकुश माझ्याकडे बघत होता, मी नोझलकडे. युसूफभाई मात्र खाली बघत होते. माणूस किती वेळा आशा धरणार? मी पुन्हा दाबला, पुन्हा चर्र. आयुष्यात पहिल्यांदा मला तो आवाज नकोसा झाला.

हे शांतपणे म्हणाले, "इंजिनात खोटं, भाईर खरं. अशी कशी जात?"

त्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते, हसू नका. आमच्या शेजारी एक मुलगी होती, माहेरी दिवसभर गाणारी. सासरी गेली आणि मुकी झाली. माहेरी आली की परत गाणं. तिच्या आईनं तिचा घसा तपासून घेतला होता. अहो, घसा कशाला तपासता, सासर तपासा. मी उठले.

"नोझल ठेवा बाजूला. भोक बघायचं."

बॅटरी घेऊन मी पुन्हा इंजिनावर वाकले. भोकाच्या तळाशी काजळी, काळं कुट्ट. सायकलच्या तारेचा आकडा करून आत घातला आणि तळ खरवडला. आकडा कशाला तरी अडला. ओढला, सुटला. पुन्हा अडकवला आणि हळूच वर आणला.

आकड्याला तांब्याचा जुना वायसर होता. एका कडेला चेपून पातळ झालेला, दुसऱ्या कडेला जाड.

मला सगळं एकदम दिसलं. एक वायसर तर नोझलला चिकटून वर आलाच होता. हा तळाशी राहिला होता आणि कुणीतरी त्याच्यावरच नवा टाकला होता. खालचा एकीकडे चेपलेला, म्हणून नोझल तिरकं बसलं. वरून बोल्ट आवळले की त्याची मान मुरगळायची. थंड असताना सुई कशीबशी हलायची, पण इंजिन तापून सगळं फुगलं की ती आत अडकून बसायची आणि डिझेलची धार लागायची. बाहेर काढलं की मान सुटली, सुई मोकळी. टेस्टर खोटं बोलला नव्हता आणि मीही नाही. आम्ही दोघांनी माहेरची मुलगी तपासली होती.

मी वायसर फडक्यावर ठेवला आणि अंकुशला हे सगळं समजावून सांगायला तोंड उघडलं. पण तो ऐकत नव्हता. तो त्या वायसरकडे बघत होता.

"ईदला उस्ताद सुट्टीवर व्हते," तो अगदी हळू आवाजात म्हणाला. "गाडी मी चालवत व्हतो. चौथ्यातून फुसफुस येत व्हती. बिडकीनच्या म्होरं थांबून मीच काढलं. नवा वायसर खिशात व्हता. तो टाकला."

"आणि जुना?" ह्यांनी विचारलं.

अंकुशनं फडक्यावरच्या वायसरकडे बोट दाखवलं.  त्या दिवशी लिंबाखाली त्याच्यासमोर हात पसरून उभा राहणारा कुणी नव्हता. तो मालक झाला होता ना, नवा वायसर त्याच्याच खिशात होता.

तेव्हा युसूफभाई पुढे आले. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. बाजारात झालेल्या अपमानाचं सगळं उट्टं काढेल, आणि काढावं असंच मला वाटत होतं.  ते नुसते अंकुशसमोर उभे राहिले आणि उजवा हात पुढे करून तळहात उघडला.

अंकुशला कळलं. क्लीनर असताना हा हात त्यानं रोज बघितला असेल. त्यानं फडक्यावरचा वायसर उचलला, उस्तादाच्या तळहातावर ठेवला आणि तिथंच मान खाली घालून उभा राहिला. युसूफभाईंनी वायसर उलटापालटा करून बघितला, खिशात टाकला आणि माझ्याकडे वळले.

"वहिनी, एक नवा द्या." मी दिला. तो अंकुशच्या हातात ठेवत ते म्हणाले, "डाल अब. दोनो बोल्ट सारखे आवळ. एकदम नाय, थोडा इकडून, थोडा तिकडून."

मी पुढे झाले नाही. माझं दुकान, माझं नोझल, पण त्या वेळी तिथं माझं काम नव्हतं. अंकुश इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत इंजिनावर पालथा पडला. भोक पुसलं, नवा वायसर टाकला, नोझल बसवलं, बोल्ट आवळले, थोडा इकडून, थोडा तिकडून. बाहेर आला तेव्हा सदऱ्याचं पार पोतेरं झालं होतं. ऑइल बदललं. मग युसूफभाई केबिनमध्ये चढले आणि भरलेली गाडी पैठणच्या रस्त्यानं पळवून, तापवून घेऊन आले. मी चौथा नट सैल केला. इंजिनाचा आवाज धपकन खाली बसला. मी नट आवळला, आवाज वर आला. इतका आनंद मला माझ्या पहिल्या नोझललाही झाला नव्हता. मागे धूर बघायला सगळे गेलो, तर पलीकडच्या पानटपरीवरची पाटी स्वच्छ वाचता येत होती.

आता दुकान बंद आहे. नव्या गाड्यांना संगणक लावून बघतात, पडद्यावर आकडा येतो आणि नोझल बदलून टाकतात. चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. टेस्टर घरात कोपऱ्यात आहे, कधी तरी दांडा दाबते, चर्र ऐकते. हे नाहीत आता. त्यांनी पैठणला जाऊन युसूफभाईंना काय सांगितलं होतं ते मी विचारून घ्यायला हवं होतं. राहून गेलं, आणि त्याची चुटपुट आहे.

पण त्या दिवसाचा शेवट सांगायचा राहिला. आमच्या दुकानाची गल्ली अरुंद, गाडी मागे घेऊनच रस्त्यावर काढावी लागायची. युसूफभाईंनी चावी फिरवली. अंकुश शेजारच्या सीटवर जाऊन बसेल असं मला वाटलं होतं. तो बसला नाही. गाडीच्या मागे गेला, काळ्या पडलेल्या कपड्यांत उभा राहिला आणि मागच्या फाळक्याच्या फळीवर हाताची थाप मारत ओरडला, "आन दो उस्ताद, आन दो."

आजूबाजूची माणसं बघायला लागली. पाचोडचा बागायतदार, गाडीचा मालक, क्लीनरसारखा उलटा उलटा चालत ओरडत होता. "आन दो. डावीकडं घ्या थोडं. आन दो उस्ताद."

युसूफभाई त्या गल्लीतून डोळे मिटून गाडी काढू शकले असते. पण मी त्यांच्या खिडकीखालीच उभी होते आणि मी पाहिलं, त्यांनी एकदाही आरशात बघितलं नाही. मागून येणाऱ्या त्या थापेवर, त्या पोराच्या शब्दावर, त्यांनी मोसंबीनं भरलेली गाडी रस्त्यावर काढली.